गावचा दवाखाना बंद करून पैसा वाचतो का? फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. तालुक्याचं नाव बदलतं, मजकूर तोच राहतो. त्याचा सारांश असा: 'गावोगावची सरकारी आरोग्य केंद्रं म्हणजे पोसलेले पांढरे हत्ती आहेत. रस्ते झाले, कोल्हापूर तासाभरावर आलं. प्रत्येकाकडे पाच लाखांचं कार्ड आहे. केंद्रात डॉक्टर नसतात आणि पेशंटही नसतात. ती बंद करा आणि तो पैसा उद्योगाला द्या, म्हणजे गावात रोजगार येईल.' गावाविषयी कळकळ असलेल्या शिकल्या-सवरल्या माणसांनीही तो पुढे पाठवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसतो. औषधोपचार हा माझा विषय नाही. कुणाच्या घरात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे मात्र रोज समोर असतं. हा मेसेज आकडेमोडीच्या भाषेत लिहिला आहे आणि त्याची आकडेमोडच चुकली आहे.

पहिलं वाक्य घ्या: 'कोल्हापूर तासाभरावर आलं.' स्वतःची चारचाकी असेल आणि घर करवीर किंवा हातकणंगले तालुक्यात असेल, तर खरं आहे. आमच्या तालुक्याचं ठिकाण गारगोटी, तिथून कोल्हापूर हेच पन्नासेक किलोमीटर. गारगोटीच्या आत वाड्या-वस्त्या आहेत, त्यांना आधी वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी खासगी गाडी, गाठावं लागतं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून तिकडची माणसं बेळगावलाच जातात. म्हणजे चंदगडच्या काजूचा पैसा बेळगावच्या दवाखान्यात आणि बेळगावच्याच मेडिकलमध्ये खर्च होतो.

आता एका वाडीतली पन्नाशीची बाई डोळ्यांसमोर आणा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, गोठ्यात दोन म्हशी आहेत. सकाळी धारा काढून डेअरीला दूध घालायचं, मग वडाप, मग एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, पण अर्ध्या तिकिटाने दिवस अर्धा होत नाही. कोल्हापुरात केसपेपरची रांग, तपासणीची रांग, औषधाची रांग. परतीची गाडी मिळून घरी पोचेस्तोवर संध्याकाळची धारेची वेळ टळलेली असते. वैरण आणायला दुसरं कुणी हवं. भांगलणीची, म्हणजे खुरपणीची, त्या दिवसाची मजुरी गेली. सोबत मुलगा आला असेल तर त्याचाही एमआयडीसीत खाडा. एवढं करून हातात काय, तर महिन्याच्या गोळ्या. याच गोळ्या गावच्या उपकेंद्रात किंवा शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, आणि जाऊन-येऊन सकाळच्या वेळात काम होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत.

उपकेंद्र बंद झालं तर ती बाई दर महिन्याला कोल्हापूरला जाईल, असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटत असावं. ती जाणार नाही. ती गोळ्या बंद करेल. दोन-चार महिने काही जाणवणार नाही, आणि मग एखाद्या पहाटे लकवा येईल. तिथून पुढचं मला माहीत आहे, कारण तिथून पुढचं माझ्या टेबलावर येतं. अर्जावर कारण 'घरदुरुस्ती' असतं. बोलता बोलता कळतं की कोल्हापूरच्या दवाखान्याचं बिल भागवायचं आहे. सोनं आधीच गहाण पडलेलं असतं. उसाच्या बिलावर उचल झालेली असते. शेवटी म्हैस विकली जाते, आणि म्हैस गेली की दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल थांबतं. कर्जाचा हप्ता ज्या पैशातून जायचा, तोच पैसा आटला. हे एका घराचं झालं. गावात अशी चार घरं झाली की किराणा दुकानदाराची उधारी वाढते आणि डेअरीचं संकलन घटतं.

कुत्रं चावलं तर लस एकदा घेऊन भागत नाही. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी असे चार-पाच डोस ठरलेल्या तारखांनाच घ्यावे लागतात. क्षयाची औषधं किमान सहा महिने चालतात. मजुरी करणारा माणूस यासाठी किती वेळा शहर गाठेल?

पावसाळ्याचं तर मेसेजमध्ये नावच नाही. कोल्हापूरच्या माणसाने हे विसरावं याचं मला वाईट वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ पाणी आलं की तुटतो, त्यासाठी महापूरच यावा लागतो असं नाही. त्या दिवसांत कोल्हापूर एका तासावरही नसतं आणि दहा तासांवरही नसतं. तेव्हा पाण्याच्या अलीकडे जो दवाखाना असेल तोच खरा. पूर ओसरल्यावर घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या देणं, लेप्टोची (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) औषधं वाटणं, तापाचे रुग्ण शोधणं ही कामं उपकेंद्राच्या आरोग्यसेविका आणि आशाताई चिखलातून फिरून करतात. माणसं लवकर उभी राहिली तरच शेतात परततात.

आणि सर्पदंश. ऊस, भात, गवताच्या गंजी असलेल्या या जिल्ह्यात हा काही दुर्मिळ अपघात नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी एकच प्रतिविषाची लस असते. ती किती लवकर टोचली जाते यावर बरंच काही ठरतं. १०८ ची रुग्णवाहिका चांगली सोय आहे, पण दंश झालेल्या माणसाला पहिला डोस वाटेतल्या आरोग्य केंद्रात मिळाला तर तो पुढच्या प्रवासात तग धरतो. शेतकरी सर्पदंशाने दगावला तर सरकार गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून घरच्यांना दोन लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत. पण कमावता माणूस वाचवणारी लस गावाजवळ ठेवण्याचा खर्च त्या मानाने किती लहान आहे, आणि त्या घराला दोघांतलं काय हवं असेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

दुसरा मुद्दा पाच लाखांच्या कार्डाचा. कार्ड चांगलं आहे. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे हृदयाच्या, कॅन्सरच्या शस्त्रक्रिया झालेली माणसं आमच्या भागात आहेत. पण हे कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं, तेही यादीतल्या उपचारांसाठी आणि यादीतल्या दवाखान्यांत. ताप, खोकला, जुलाब, गुडघेदुखी, महिन्याच्या साखरेच्या गोळ्या, लहान मुलाचं औषध यांपैकी कशालाच ते लागू नाही. घराचा पैसा सारखा झिरपतो तो याच वाटेने. म्हणजे कार्ड हातात देऊन केंद्र बंद केलं, तर माणसाला मदत केव्हा मिळणार? आजार दाखल होण्याइतका वाढल्यावर. तोवर रोज बुडालेला असतो, आणि सरकारचाही खर्च वाढलेला असतो.

दाखल होण्याचा खर्च किती पडतो याचा अंदाज २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतून येतो. बाळंतपण सोडून एकदा दाखल व्हायला देशभरात सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी दवाखान्यात ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५ रुपये. जाण्या-येण्याचा, राहण्या-जेवणाचा आणि बुडालेल्या रोजाचा हिशोब वेगळाच. दुसरा आकडा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचा आहे. २०१४-१५ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चात सरकारचा वाटा २९ टक्के होता आणि लोकांच्या खिशातून ६२.६ टक्के जात होते. २०२१-२२ मध्ये सरकारचा वाटा ४८ टक्के झाला, तेव्हा खिशातला वाटा ३९.४ टक्क्यांवर आला. मेसेज ज्याला 'वाचलेला पैसा' म्हणतो, तो कुठेच वाचत नाही. सरकारने हात काढून घेतला की तोच खर्च घराच्या नावावर चढतो.

'डॉक्टर नसतात, पेशंट नसतात.' या तक्रारीत तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पदं रिकामी राहतात, औषधं संपतात, काही ठिकाणी मुख्यालयात राहण्याचा नियम कागदावरच असतो. लोक एकदा जाऊन रिकाम्या हाताने परतले की दुसऱ्यांदा जात नाहीत. पण निकषच असा आहे की सपाट भागात तीस हजार आणि डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यातला एकुलता हजर डॉक्टर रजेवर गेला की वीस-तीस हजार माणसांचा दवाखाना बंद पडतो. यावर उपाय जागा भरणं, राहण्याजोगी निवासस्थानं बांधणं, औषधसाठा वेळेवर पोचवणं हा आहे. शाळेत मास्तर नाही म्हणून शाळा पाडावी असं कुणी म्हणत नाही.

शिवाय या केंद्रांचं काम फक्त बाह्यरुग्णांच्या वहीत दिसत नाही. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, क्षयाच्या रुग्णांचा पाठपुरावा, ऊसतोडणीला आलेल्या टोळ्यांतल्या लेकरांना खोपीवर जाऊन दिलेले डोस, हे दाराशी जाऊन होतं. इमारत रिकामी दिसली म्हणजे काम थांबलेलं असतं असं नाही. आणि ही केंद्रं मिटली तर गर्दी सीपीआरवर, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयावर जाईल. तिथे आधीच सगळ्या तालुक्यांतून, सिंधुदुर्गातून आणि सीमाभागातून रुग्ण येतात. साध्या तापाचा माणूस अपघातातल्या माणसाच्या पुढे-मागे उभा राहिला, तर दोघांचंही नुकसान आहे.

उरला शेवटचा मुद्दा, 'पैसा उद्योगाला द्या, रोजगार येईल.' आरोग्य केंद्र हाही गावातला रोजगारच आहे. आरोग्यसेविका, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शिपाई, वाहनचालक यांना दरमहा पगार मिळतो. ज्या गावात हे लोक राहतात, तिथे घरभाडं, किराणा, दूध, मुलांची शिकवणी यांवर तो खर्च होतो. दुष्काळ असो की उसाला दर कमी मिळो, हा पैसा थांबत नाही. शेतीवर चालणाऱ्या बाजारपेठेत असा पैसा किती मोलाचा असतो, ते आमच्याकडच्या दुकानदारांना विचारा. केंद्राभोवती मेडिकल, चहाची टपरी, रिक्षा उभ्या राहतात. आशाताई तर त्याच गावची रहिवासी असावी लागते, म्हणजे तिचा मोबदला गावातल्याच घरात येतो. तो वेळेवर आणि पुरेसा मिळावा यासाठी त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि उद्योग माणसांवरच चालतात ना? कागल, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आसपासच्या खेड्यांतली पोरं रोज बसने, मोटरसायकलने येतात. घरी म्हातारा अंथरुणाला खिळला की त्यांचे खाडे वाढतात आणि ठेकेदार दुसरा माणूस बघतो.

ही गोष्ट कोल्हापूरला परकी नाही. जनावराला दारात डॉक्टर मिळाला पाहिजे, हे इथल्या सहकारी दूध संघांना पक्कं माहीत आहे. १९६३ साली स्थापन झालेला गोकुळ संघ उत्पादकांच्या जनावरांसाठी पशुवैद्यकीय सेवा चालवतो. म्हशीची कास सुजली तर तिला शहरात न्या, असं कुणी म्हणत नाही, कारण दूध आटलं तर सगळ्यांचं नुकसान आहे हे सगळ्यांना कळतं. त्या म्हशीची धार काढणाऱ्या बाईच्या बाबतीत तोच हिशोब लावायला आपण का कचरतो?

पैशाची वाट बंद आहे असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यसेवा भक्कम करायला ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आपल्या केंद्राच्या समितीवर कोण आहे, ती शेवटची कधी बसली, आलेला निधी कशावर खर्च झाला, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, प्रतिविषाच्या कुप्या आज शिल्लक आहेत का, ही माहिती येत्या ग्रामसभेत लेखी मागा. मिळालेलं उत्तर त्याच गटावर टाका.