‘अध्यापनही केलं’ यातला ‘ही’

कृष्णा रेड्डींचा परिचय कुठेही वाचा, क्रम ठरलेला असतो. थोर मुद्राचित्रकार (म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून चित्रं छापणारे), शिल्पकार, १९७२ ची पद्मश्री, आणि शेवटी जागा उरलीच तर ‘अध्यापनही केलं’. तो ‘ही’ मला दरवेळी खुपतो.

जन्म १९२५ चा, आंध्रातला. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकले, मग लंडन, पॅरिस आणि शेवटी न्यूयॉर्क. २०१८ मध्ये वारले तेही तिथेच. पण हा माणूस घडला पॅरिसच्या ‘अतेलिए १७’ मध्ये, स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या कार्यशाळेत. देशोदेशीचे चित्रकार तिथे खांद्याला खांदा लावून छापे काढायचे. शिकायला आलेले रेड्डी पुढे तिथेच सहसंचालक झाले.

मुंबईहून गेलेले चित्रकार कायको मोतीही तिथेच होते. या मंडळींच्या खटपटीतून व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग, म्हणजे शाईच्या कमी-जास्त घट्टपणावर चालणारी रंगीत छपाई, आकाराला आलं. एरवी रंगीत छाप म्हणजे बहुधा रंगागणिक वेगळी प्लेट, आणि त्या एकावर एक नेमक्या बसवण्याची कसरत. इथे प्लेट एकच, पण शिल्पासारखी खोल-उथळ कोरलेली. कडक रोलरने पातळ, तेलकट शाई फक्त वरच्या पातळीवर लावायची. मग मऊ रोलरने घट्ट शाई. ती खोलात उतरते, पण वरच्या तेलकट थराला चिकटत नाही. सगळे रंग एकाच दाबात कागदावर!

वाचायला सोपं वाटतं. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा घट्ट शाईत जवसाचं तेल जरा जास्त पडलं आणि कागदावर नुसता करडा चिखल उतरला. फार वाईट वाटलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी काही न बोलता सुरीवर शाई उचलली, तिरकी धरली आणि ती कशी ओघळते ते मला बघायला लावलं. दोनदा, तीनदा. ते ओघळणं डोळ्यांत बसलं तेव्हा कुठे पुढचा छाप जमला.

ही विद्या अशीच पुढे जाते, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. रेड्डींना ती स्वतःपुरती ठेवता आली असती. त्यांनी ती आधी पॅरिसमध्ये आणि मग न्यूयॉर्क विद्यापीठात, येईल त्याला उघडी करून दिली. ‘व्हर्लपूल’ हे गाजलेलं मुद्राचित्र जेवढं त्यांचं, तेवढंच हे शिकवणंही त्यांचं काम. मग ते परिचयाच्या शेपटाला का? मी लिहीन तेव्हा ‘शिक्षक’ हा शब्द पहिल्या ओळीत असेल.