झाडीत राहिलेला पंख

ताईच्या मुलीच्या चित्रावरून गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर रण माजलं. तिने वनवासातले राम, सीता, लक्ष्मण काढले, पण आजच्या नाशिकच्या माळावर. मागे द्राक्षांचा मांडव, पाण्याची टाकी आणि ही तिघं कोपऱ्यात, बोटाएवढी. दादा भडकला, "देव एवढेसे? आणि त्रेतायुगात टाकी कुठली?" मी तिची बाजू घेतली तर म्हणाला, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

ते लागलं मला. शिकवत नाही रे दादा, पाहिलेलं सांगते.

हेर्क्युलेस सेखर्स या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर एक एचिंग केलं होतं, म्हणजे आम्लाने कोरलेल्या रेघांचं छापचित्र. मासा घेऊन निघालेला बायबलच्या कथेतला टोबियास, शेजारी भल्यामोठ्या पंखांचा देवदूत. पुढे तो पत्रा रेम्ब्रांट या दुसऱ्या डच चित्रकाराच्या हाती आला. साधारण १६५३ मध्ये त्याने त्या दोन्ही आकृत्या घासून काढल्या, तिथे दाट झाडी कोरली आणि झाडीत गाढवावरची मारिया, बाळ येशू, योसेफ. इजिप्तला पळून चाललेले. डावीकडचा सेखर्सचा मुलूख त्याने राहू दिला. भिंग घेऊन पाहिलं तर शेंड्यांच्या रेघांत देवदूताचा पंख अजून सापडतो. आणि देव एवढेसेच आहेत, दादा. जीव मुठीत धरून निघालेली माणसं एवढ्या मुलखात अशीच दिसणार.

टाकीचं म्हणशील, तर त्याच्या १६३३ च्या भल्या शोमरोनीच्या (येशूच्या गोष्टीतला, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा परका) एचिंगमध्ये मागे विहिरीवर पाणी शेंदणारी बाई आहे आणि अगदी पुढ्यात शौचाला बसलेला कुत्रा. १६५६ च्या एचिंगमध्ये बायबलमधल्या अब्राहमाकडे आलेले पाहुणे, म्हणजे देव आणि देवदूत, खाली जमिनीवर बसलेत. ती बैठक त्याने आपल्याकडच्या मोगल चित्रावरून घेतली. इथे कुणी त्यावर भांडत नाही.

हे सगळं टाइप केलं आणि पाठवलं नाही.

कारण माझी लेक सहा वर्षांची असताना तिने केवटाची नाव काढली होती. गंगेला कालव्यासारखे सरळ काठ, काठावर विलोची झाडं, पुलाला टेकवलेली सायकल. तिला दुसरी नदी ठाऊकच नव्हती. मी खोडरबर घेऊन तो काठ पुसला, म्हटलं, "गंगा अशी नसते गं." आणि वाकडा काठ मीच काढून दिला.

चित्र अजून माझ्या कपाटात आहे. उजेडाकडे धरलं की पुसलेला सरळ काठ दिसतो. ग्रुपवर ते मी कधी टाकलेलं नाही.