म्हणे सत्तावीस मीटर!

घरात फोमच्या गोळ्या मारणारी खेळण्यातली गन आलीय. गोळी किती लांब जाते, तर खोक्यावर ठळक आकड्यात लिहिलंय '२७ मीटर'. अहो, आमच्या बिल्डिंगच्या गेटपासून निघालं तर पार्किंग संपून मागची भिंत लागते तेवढ्यात! छातीच्या उंचीवर, म्हणजे सव्वा मीटरवर, गन आडवी धरून चाप ओढला की गोळी अर्ध्या सेकंदात जमिनीवर. ते गुरुत्वाकर्षण आहे, कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांचं ऐकत नाही. असल्या गनमधून फोमची गोळी सुटते सेकंदाला साधारण २१ मीटर वेगाने. करा गुणाकार. साडेदहा मीटर, तेही वाटेत हवा नसेल तर. जेमतेम ग्रॅमभर वजनाच्या त्या नळकांडीला हवा सोडते होय? म्हणजे २७ गाठायचे तर गन आभाळाकडे रोखायची आणि पुढचं देवावर सोडायचं. कस्टमर केअरची मुलगी तेच म्हणाली, "मॅडम, थोडी वर धरून मारा ना." वर पंखा आहे हो माझ्या घरात!

खोक्यावर आयएसआयचा शिक्का आहे, नाही असं नाही. २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचाच झालाय. पण तो सुरक्षिततेचा. थापांवर शिक्का कोण मारणार?

हे धूड दादाने भाच्याच्या, म्हणजे माझ्या चिरंजीवांच्या, वाढदिवसाला पाठवलं. मोटारवाली, गोळ्या भरायच्या गोल ड्रमवाली, २५ गोळ्यांची. भावाला तोंडावर काही बोलता येत नाही, म्हणून इथे बोलतेय.

एवढ्या किमतीत सेल नाहीत. आणि लागतात ते पेन्सिल सेल नव्हेत, जुन्या टॉर्चमधले जाडजूड, तेही सहा. नाक्यावरच्या दुकानदाराने आनंदाने स्वस्तातले झिंक-कार्बनचे काढून दिले. अल्कलाइन लागतात हे खोक्याच्या बुडाशी, भिंग घेऊन वाचण्याच्या अक्षरात. आत दोन चाकं गरगरत असतात, त्यांच्या चिमटीत सापडून गोळी बाहेर भिरकावली जाते. मोटारींना एकदम भरपूर करंट लागतो आणि साध्या सेलचा तेवढा जीवच नाही. पहिली गोळी जाते झोकात. तिने खाल्लेला चाकांचा वेग भरून यायच्या आत दुसरी, मग तिसरी... सहावी-सातवी बाहेर येते ती सोमवारी शाळेत निघालेल्या पोरासारखी. अल्कलाइन आणले, त्यांचे वेगळे पैसे मोजले, तेव्हा जरा बरी चालली. आणि मग अडकायला लागली. एखादी गोळी वाकली, टोक चेपलं, की ड्रम ठप्प. वरचं झाकण उघडा, बोट घाला, ओढून काढा, झाकण लावा, कारण झाकण उघडं असेल तर मोटार फिरत नाही. दर दहा मिनिटांनी "आई, अडकली!" पोळी तव्यावर टाकून मी बंदूक दुरुस्त करतेय.

बरं, खेळात तरी फायदा? शून्य. आधी एक बटण दाबून चाकं फिरवायची, त्याचा घर्रर्र आवाज दोन मजल्यांवर जातो, लपलेली पोरं तेवढ्यात जागा बदलतात. शेजारच्या छोटीकडे एकेक गोळी घालून हाताने खटका ओढायची साधी स्प्रिंगवाली गन आहे. ना सेल, ना मोटार. ती जिन्याच्या कोपऱ्यातून गुपचूप येते आणि आमच्या तोफखान्याला गारद करून जाते. रोज! ज्याला घ्यायचीच असेल त्याने ती घ्या.

चष्मा नावाचा प्रकारही खोक्यात नाही. २०१७ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा फोमच्या गोळ्या डोळ्याला लागून आत रक्तस्राव झालेले तीन रुग्ण नोंदवले होते. पुढचं टोक रबराचं असतं, जवळून लागलं तर गंमत नाही. प्लॅस्टिकचा एक चष्मा टाकायला किती खर्च आला असता? पण नाही, त्या जागी स्टिकरचं पान दिलंय. स्टिकर!

ड्रम रिकामा व्हायला काही सेकंद पुरतात. पण भरायला एकेक गोळी अंगठ्याने दाबून बसवायची, आणि त्याआधी शोधायच्या. दिवाणाखाली मॉपचा दांडा घालून शोधा, कपाटामागे शोधा, कुंडीत शोधा. एक देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे निघाली, सासूबाईंनी मलाच सुनावलं. चिरंजीव तोवर सोफ्यावर बसून विचारतात, "सापडल्या का गं?"

हरवल्या तर नव्या आणाव्यात, तर त्यातही मेख. बाजारात सगळीकडे मिळते ती अर्धा इंच जाडीची, सात सेंटिमीटर लांबीची गोळी. ती हिच्यात बसत नाही! यांनी स्वतःचं वेगळं माप काढलंय. हे लोण वरूनच आलंय म्हणा. नर्फ म्हणजे असल्या गनचा सगळ्यात नावाजलेला ब्रँड, त्यांनी २०१९ मध्ये अल्ट्रा नावाची गन काढली तिच्यातही त्यांच्याच आधीच्या एलाइट गनच्या गोळ्या चालत नाहीत. निदान त्यांच्या गोळ्या विकत तरी मिळतात. आमच्या या दिव्य मापाचं पाकीट जिथे बघावं तिथे 'स्टॉक संपला'. गन मात्र हवी तेवढी उपलब्ध आहे, वर दोन घेतल्या तर सवलत.