मुंगीचं वजन

काल, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा, माझं वजन चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. चारचौघांत म्हणजे दोन कुत्री, एक पिंजऱ्यातला पोपट, त्यांची माणसं आणि एक आजोबा. दवाखाना जनावरांचा होता. मी तिथे पेशंट म्हणून गेलो नव्हतो, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतोय.

आमच्या मांजरीचं नाव मुंगी. आणली तेव्हा तळहातावर मावायची, म्हणून मुंगी. नाव ठेवताना माणसाने पुढचा विचार करावा. पंधरा दिवसांपूर्वी तिला लस द्यायला नेलं, तर आधी वजन करा म्हणाले. मुंगी काट्यावर राहीना. पुढचे पाय ठेवले की मागचे खाली, मागचे ठेवले की मुंगी माझ्या खांद्यावर. शेवटी तिथला कंपाउंडर मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीच तिला उचलून काट्यावर चढा. मग नुसते चढा. वजाबाकी करू."

युक्ती चोख आहे. फक्त ती ओरडून करायची नसते. "दोघं मिळून ८७.४!" तो पलीकडे टेबलाशी बसलेल्या मुलीला ओरडून म्हणाला. मग, "काका एकटे ८१.१!" आणि ज्या आकड्यासाठी आम्ही घरून निघालो होतो तो, म्हणजे ६.३, त्याने मोबाइलवर वजाबाकी करून स्वतःशीच पुटपुटला. वर त्या मुलीने केसपेपरवर मुंगीच्या नावापुढे ८१.१ लिहिलं. जंताचं औषध वजनावर ठरतं. मी वेळीच डोकावलो नसतो तर मुंगीच्या पोटात बाटली गेली असती.

तर ते आजोबा. भिंतीशी असलेल्या बाकावर, बरोबर पंख्याखाली बसले होते. जवळ पिंजरा नाही, साखळी नाही, टोपली नाही. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "तुमचं कोण आत गेलंय?"

"कुणी नाही."

"मग बाहेर बांधलंय का?"

"माझ्याकडे जनावर नाही. मी बसायला येतो. घरी नुसता टीव्ही असतो. इथे सगळं जिवंत असतं."

एवढं बोलून त्यांनी मुंगीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत मुंगीकडे. "दिवसातून किती वेळा घालता हिला?"

"दोनदा."

"किती?"

"वाटीभर."

"कोणती वाटी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण आयुष्यभर वाटीने मोजतो आणि कोणती वाटी हे कुणी विचारत नाही. "मधली," मी म्हणालो.

"सपाट की शीग लावून?"

"थोडी शीग."

"थोडी शीग म्हणजे शीग," आजोबा म्हणाले. पोपटाची बाई हसली. पोपटही हसला असावा. "बरं, सकाळी कोण घालतं?"

"मी. सहा वाजता."

"आणि तुमच्याआधी?"

"माझ्याआधी कोण घालणार?"

"विचारा घरी."

आता एका अनोळखी म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून मी घरी फोन का लावला, हे मला आजही कळत नाही. पण लावला. आणि मेला तो स्पीकर चालू होता. ही म्हणाली, "मी कुठे जास्त घालते? मी फक्त सकाळचं घालते. पाच वाजता उठते तेव्हा."

"सकाळचं मी घालतो."

दोन्हीकडे शांतता. कुत्र्यांनीही शेपट्या थांबवल्या. दोन वर्षं आमचं मांजर दोन न्याहाऱ्या करत होतं, आणि दुसऱ्या न्याहारीच्या वेळी, पहिली पोटात रिचवून, माझ्या पायात असं घोटाळत होतं की जणू चार दिवसांचा उपवास. ती काय आळवणी! ते काय डोळे! मी अजून तिला माफ केलेलं नाही.

"दोन न्याहाऱ्या!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "आणि रात्रीचं?"

रात्रीचं आमचे चिरंजीव. त्याने नंतर कबूल केलं की तो एक वाजेपर्यंत जागतो, तेव्हा ती येऊन बसते, आणि 'ती एकटीच जागी असते म्हणून' तो मूठभर टाकतो. मूठ त्याची. शीग लावून.

मी बचावासाठी उभा राहिलो. म्हटलं, "आजोबा, तिचं पोट मोठं दिसतं ती चरबी नव्हे. मांजरांना मागच्या पायांपुढे एक लोंबती कातडी असतेच."

"असते ना. पण कातडी चालताना हलते. ही बसूनही हलतेय."

समोर भिंतीवर तक्ता होता. नऊ मांजरं, प्रत्येकाचं वरून आणि बाजूने चित्र. पहिल्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, पाचवं सुबक, नववं भोपळ्यासारखं. आजोबांना तो तक्ता पाठ होता. रोज बघत असणार, दुसरं काम काय. "ही आठ नंबर," त्यांनी निकाल दिला. "कमरेला खाच नाही बघा. आता बरगड्या. हाताची मूठ वळा. गाठींवरून बोट फिरवा. असं लागलं तर मांजर फार बारीक. हात उघडा, पालथा करा, त्यावरून फिरवा. असं लागलं तर उत्तम. आता सुलटा करा, तळव्यावरून फिरवा. असं लागलं तर, काय?"

"लठ्ठ," पोपटाची बाई म्हणाली. सगळे हाताच्या गाठी चाचपत होते. ही परीक्षा खरी आहे, डॉक्टरही तीच करतात, हे मला नंतर कळलं. मी मुंगीच्या बरगड्या शोधल्या. त्या आत कुठेतरी होत्या, श्रद्धेचा विषय होता.

मग आजोबांनी मान तिरकी केली. आधी मला समोरून पाहिलं. मग, शपथेवर सांगतो, बाजूने पाहिलं. "तुम्ही सात," ते म्हणाले. "साडेसात. पण उंची आहे, म्हणून सात धरू."

हसलो मी. माणूस अशा वेळी दुसरं काय करतो? पण मला ते लागलं. मी त्या तक्त्यात बसायला गेलो नव्हतो.

जाता जाता त्यांनी सल्ला दिला, दोन दिवस लंघन घाला, सरळ होईल. हे मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणजे वाढवताना चूक आमची, पण उतरवायची घाई करायची नाही. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास. मुंगीचे साठ ग्रॅम. एवढ्यासाठी एवढं.

मग डॉक्टरांनी गणित मांडलं. वजनाचा पाऊण घात, गुणिले ७०, म्हणजे नुसतं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरी. पाऊण घात हा मी प्रथमच ऐकला. उरलेला पाव घात बाहेर कंपाउंडरने केला होता. आणि वजन आत्ताचं धरायचं नाही, असायला हवं ते धरायचं, म्हणजे पाच किलो. उत्तर आलं २३४. बारीक व्हायचंय म्हणून त्याचे ८० टक्के. दिवसाला साधारण १९० कॅलरी, म्हणजे आमच्या पाकिटातलं कोरडं खाणं ५० ग्रॅम. आमची मधली वाटी, शिगेसह, नंतर मोजली तर ४० भरली. आता दोन न्याहाऱ्या, एक संध्याकाळ आणि एक मध्यरात्र यांचा हिशेब तुम्हीच करा, माझ्याने होत नाही.

नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मांजराची गरज कमी होते आणि भूक वाढते, असंही त्या म्हणाल्या. हे म्हणजे नोकरी गेल्यावर खर्चाची आवड लागण्यासारखं झालं. आणि मांजराचं मूळचं खाणं उंदीर-उंदीर करून दिवसभर चालतं. एक उंदीर साधारण ३० कॅलरीचा, म्हणजे मुंगीला दिवसाला सहा. आमच्याकडे ती एकदाच उंदरासमोर आली होती. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं होतं. असो. सांगायचा मुद्दा, मोठ्या मांजराला दिवसातून दोनदा दिलं तरी चालतं, चारदा विभागून दिलं तर ते जास्त खूश, फक्त एकूण तेवढंच. पिल्लं असताना तीन-चारदा घालायचं असतं. आम्ही ती पद्धत पुढे चालू ठेवली आणि माप मात्र मोठं केलं.

दूध? बंद. वयात आलेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. यात दोष आपल्या भाषेचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंकं तुटलं बोक्याचं फावलं, मांजराच्या हाती दुधाची राखण. पिढ्यान्‌पिढ्या आपण मांजराला म्हणींतून दूध पाजत आलो आणि पोट बिघडल्यावर 'काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल' म्हणालो. आइस्क्रीमवरही ती तुटून पडते. ते गोड लागतं म्हणून नव्हे. गोड ओळखणारा मांजराचा जनुकच मोडका आहे, हे २००५ साली सिद्ध झालंय. तिला त्यातली चरबी हवी असते. माझ्या वाडग्यातली, आणि मी खात असताना.

आता पाकिटाबद्दल बोलू द्या, कारण ते मनात आहे. पाकिटामागे तक्ता असतो. इतक्या किलोच्या मांजराला इतके ते इतके ग्रॅम. त्या 'ते'मध्ये अख्खं मांजर मावतं. आणि किलो कुठले, आहेत ते की हवेत ते? लठ्ठ मांजराचं आत्ताचं वजन बघून घातलं, तर ते लठ्ठपण टिकवण्याइतकंच खाणं मिळणार. हे छापायला जागा नव्हती म्हणावं, तर निम्म्या पाकिटावर एक सडसडीत मांजर उडी मारतंय. खाणं विकणाऱ्यानेच किती खावं हे सांगायचं, आणि मग दवाखान्यात तक्त्यासमोर उभं राहून हसं कुणाचं व्हायचं, तर वाटी धरणाऱ्याचं. घरातही तेच. पाचची न्याहारी हिची, एकची मूठ चिरंजीवांची, पण "बाबांनी लाडावून ठेवलंय तिला" हे सर्वानुमते ठरलंय. कारण काट्यावर मी चढलो होतो.

घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. रोज सकाळी ५० ग्रॅम मोजून डब्यात. घालायचं ते फक्त त्या डब्यातून, चार वेळा साडेबारा-साडेबारा. डबा रिकामा म्हणजे दिवस संपला. साडेबारा ग्रॅम बशीत टाकल्यावर काय दिसतं ते सांगू? बशी दिसते. मुंगीने पहिल्या दिवशी ते खाल्लं, मग बशीखाली काही आहे का पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे आजवर फक्त एका घरमालकाने पाहिलं होतं.

रात्री ती छातीवर येऊन बसते. सहा किलो, पहाटे पावणेपाचला, थेट श्वासावर. आणि घुरघुरते. २००९ मध्ये इंग्लंडात एक संशोधन झालं. त्यात असं दिसलं की खाणं हवं असलं की काही मांजरं घुरघुरीत एक बारीक, वरच्या पट्टीतला आवाज मिसळतात आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळपासचा असतो. माणसाला तो दुर्लक्षिता येत नाही. मुंगीचा त्या विषयात हातखंडा आहे. ही कूस बदलून म्हणते, "आपलं बाळ आता वीस वर्षांचं आहे, झोपा." आणि मी छताकडे बघत साडेबारा ग्रॅमचं काय करता येईल याचा विचार करतो.

घरात मला आता 'सात नंबर' म्हणतात. आजोबांची गोष्ट मीच हौसेने जेवताना सांगितली होती, भोगतोय. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला हात पुढे केला की चिरंजीव विचारतो, "सपाट की शीग लावून?" या वयात, स्वतःच्या ताटावर. मांजराच्या खाण्यावर बोलायला निघालेलं घर माझ्या खाण्यावर कसं येऊन थांबलं, ते मला कळलंच नाही. पहाटे पावणेपाचला उठायचं, खायला घालायचं नाही, आणि झोप मोडलीच आहे म्हणून स्वयंपाकघरात उभं राहून बिस्किटं खायची, हा माझा हल्लीचा दिनक्रम आहे. मुंगी शेजारी बसून प्रत्येक घास मोजते.

तर काल पंधरा दिवसांनी परत वजन. तोच काटा, तोच कंपाउंडर. पंख्याखाली आजोबा, सरकून जागा करून देत. मी मुंगीला उचलून चढलो.

"दोघं मिळून ८७.४!"

माझ्या पोटात खड्डा पडला. पंधरा दिवसांचे साडेबारा-साडेबारा ग्रॅम, पहाटेची ती घुरघूर, सगळं पाण्यात. मी तिला खाली ठेवली आणि एकटा चढलो.

"काका एकटे ८१.२!"

मुलाने मोबाइलवर वजाबाकी केली. "६.२," तो म्हणाला. "अरे वा, शंभर ग्रॅम उतरली की!"

आजोबांना मोबाइल लागला नाही. त्यांनी आधी मुंगीकडे पाहिलं, मग मला बाजूने पाहिलं.

"चला," ते म्हणाले, "म्हणजे घरातलं घरातच राहिलं."