झोप फुकट असते म्हणे! ('एक जुना वाचक' यांना उत्तर)

मागच्या आठवड्यातल्या माझ्या पोस्टवर 'एक जुना वाचक' या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. मी ती उडवलेली नाही, तशीच ठेवलीय, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या म्हणाल टीका सहन होत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑडिटच्या सीझनला बारा-चौदा तास बसावं लागतं तेव्हा लक्ष टिकावं म्हणून मी काय घेतो ते लिहिलं होतं, कॅफिनसोबत एल-थिअनीन (चहातलंच एक द्रव्य), ब्राह्मी आणि अश्वगंधा. त्यावर यांचं म्हणणं असं की फोटो ब्राह्मीचा नाहीच, पाच आठवडे घेऊन ब्राह्मीबद्दल बोलता येत नाही, अश्वगंधाने काहींच्या लिव्हरला त्रास होतो ते लिहिलं नाही, पोस्ट जाहिरातीसारखी वाटते, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "हे सगळे मनाचे खेळ आहेत साहेब, रात्री सात तास झोपा, झोप फुकट असते."

पहिलं म्हणजे हे 'साहेब' कशाला? आपल्या नाशकात साहेब दोन वेळेला म्हणतात, काम असेल तेव्हा किंवा टोमणा मारायचा असेल तेव्हा. तुमचं माझ्याकडे काही काम दिसत नाही. मुद्दा मांडा ना, कोण नाही म्हणतंय, पण माणूस स्वतःचा अनुभव लिहितोय आणि तुम्ही खुर्चीत मागे टेकून त्याला शहाणपण शिकवताय असा सूर लागला की पुढचं बरोबर असलं तरी ऐकावंसं वाटत नाही. आणि जुने वाचक आहात तर नाव लिहायला काय झालं होतं?

फोटोचं मान्य. तो मंडूकपर्णीचा आहे, गोलसर पानांची. बॅकोपा म्हणजे ती दुसरी ब्राह्मी, तिची पानं बारीक, लांबट आणि मांसल असतात. आपल्याकडे दोघींनाही ब्राह्मी म्हणतात, नर्सरीवालेही म्हणतात, आणि आमच्या गच्चीतल्या कुंडीला बायको वीस वर्षं ब्राह्मीच म्हणतेय, त्याच कुंडीचा फोटो होता. डब्यावर मात्र बॅकोपाच लिहिलंय, बघून घेतलं. चूक ती चूक, बदलतो.

आता झोप. झोप फुकट असते हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने सप्टेंबरमध्ये कॅनडा कॉर्नरला एखाद्या टॅक्सवाल्याच्या ऑफिसात एक रात्र काढावी. एकोणसाठ फाइली. त्यातले निम्मे कांदा आणि द्राक्षवाले, ज्यांना ऑडिटची ३० सप्टेंबर ही शेवटची तारीख २५ सप्टेंबरला आठवते, मग पिशवीभर बिलं आणि बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या टेबलावर ओतून "तुम्ही बघा आता" म्हणून निघून जातात. पोर्टल दिवसा लटकतं आणि रात्री अकरानंतर जरा हलतं. अशा वेळी मी सात तास झोपलो तर त्याचं बिल कोण भरणार, तुम्ही? एका पार्टीला लेट फी लागली तर तो वर्षानुवर्षांची ओळख विसरून समोरच्या ऑफिसात जातो. फुकट म्हणे.

माझे वडील रविवार कारंजावर एका पेढीवर मुनीम होते. दिवाळीच्या आधी किर्द-खतावणी जुळवायला रात्र-रात्र बसायचे, कंदील नाही पण दिवा पिवळाच असायचा, आणि मांडीशेजारी तपकिरीची डबी. एक चिमूट ओढली की पुढची दोन पानं बिनचूक. तपकीर म्हणजे तंबाखू, म्हणजे निकोटिन, ते चांगलं असं मी म्हणत नाहीये, पण पेढीच्या शेठने त्यांना कधी "हे मनाचे खेळ आहेत मुनीमजी" असं म्हटलं नाही. मी लहानपणी ते डोळ्यांनी बघितलंय. तासन्‌तास बसून काम करणारा माणूस काही ना काही धरतोच, कोणी तपकीर, कोणी आठ-दहा कटिंग. मी पण आठ कटिंगवालाच होतो, ॲसिडिटीने बेजार झालो तेव्हा इकडे वळलो.

आणि मनाचे खेळ म्हणायच्या आधी जरा वाचलं असतं तर? मेंदूत दिवसभर ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोप येते. कॅफिन काय करतं, सीबीएस स्टँडवर एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ॲडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. ॲडेनोसिन उभंच राहतं, गाडीतून उतरत नाही, कॅफिन उठलं की बसतं, म्हणून नंतर एकदम गळून गेल्यासारखं होतं. आणि ते उठायला वेळ लावतं, साधारण पाच तासांनी निम्मं अंगात शिल्लक असतं, हे माणसागणिक कमीजास्त. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं निरोगी मोठ्या माणसासाठी साधारण सांगतात. थिअनीन चहातच असतं, १९४९-५० च्या सुमारास जपानी लोकांनी ग्योकुरो नावाच्या चहातून वेगळं काढलं. ५० मिलिग्रॅम कॅफिन आणि १०० मिलिग्रॅम थिअनीन एकत्र देऊन केलेले प्रयोग आहेत, त्यात लक्ष लागण्याच्या चाचण्यांत थोडा फरक दिसला, माणसं थोडी होती, फरकही थोडा होता. थोडा म्हणजे शून्य नव्हे. मी पोस्टमध्ये चमत्कार असा शब्द वापरलाय का? दाखवा.

मागच्या वर्षी एका द्राक्षवाल्या पार्टीची क्रेडिट नोट माझ्याकडून दोनदा पडली आणि त्यांना नोटीस आली. त्यांच्या वडिलांसमोर मान खाली घालून बसलो होतो मी. यंदाच्या सप्टेंबरला एकही चूक नाही. एकही. याला तुम्ही खेळ म्हणा. (हां, फेब्रुवारीत रिपोर्ट काढला तेव्हा बी-ट्वेल्व १४२ आलं होतं, दोनशेच्या खाली म्हणजे कमीच, आमच्याकडे पक्कं शाकाहारी असल्याने घरात सगळ्यांचंच कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. आणि जूनपासून एक मुलगी मदतीला ठेवलीय, ती एंट्री तपासते. हे पोस्टमध्ये लिहायचं राहिलं, लपवलं नाही.)

बाकी मुद्द्यांचं काय. ब्राह्मीचे प्रयोग बारा आठवड्यांचे असतात, रोज ३०० मिलिग्रॅम वगैरे, आणि त्यात फरक दिसला तो स्मरणात, माहितीय मला, मी प्रयोगशाळा चालवत नाही. अश्वगंधाचं म्हणाल तर डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदी घातली, लिव्हरच्या केसेस नोंदल्या गेल्यात, थायरॉईडची गोळी चालू असलेल्याने तर विचारूनच घ्यावं, पण डेन्मार्क कुठे आणि आमची नाशकातली भद्रकाली कुठे, आणि ज्याला आजार आहे तो डॉक्टरला विचारेलच की, प्रत्येक ओळीला इशारा लिहीत बसलो तर पोस्ट औषधाच्या चिठ्ठीसारखी होईल. काही डब्यांवर इशारे असतातही. जाहिरातीचं तर बोलूच नका. कुठल्या कंपनीचं नावसुद्धा घेतलं नाही मी. सगळे डबे स्वतःच्या खिशातून घेतलेत, बायकोला विचारा, महिन्याचा हिशोब तिच्याकडे असतो.

तुमच्याशी वैर नाही. पुढच्या वेळी 'साहेब' न म्हणता लिहा, नक्की बोलू.

पावणेदोन वाजलेत. रात्री नऊनंतर मी काही घेत नाही हे पोस्टमध्ये लिहिलंय, आज साडेदहाला घेतलं कारण उद्या वीस तारीख, थ्रीबीची (जीएसटीच्या रिटर्नची) शेवटची, आणि पिंपळगावच्या एका पार्टीचं टूबी (पोर्टलवर दिसणारी खरेदीची बिलं) जुळत नाहीये. अठराशे रुपयांचा फरक येतोय, दोन तास झाले शोधतोय.

ता. क. फोटो बदललाय. फरकही सापडला, एक बिल माझ्याकडून दोनदा पडलं होतं. रात्री दिसलं नाही, सकाळी उठल्यावर पाच मिनिटांत दिसलं. यावरून लगेच काही अर्थ काढू नका.