६५ किलोमीटर आणि दहा तास: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

दक्षिण फ्रान्समधल्या मिदी कालव्याकाठच्या तुलूज ते कास्तेलनोदारी या आमच्या एका दिवसाच्या सायकलप्रवासावरील लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आभाराच्या दोन ओळी लिहून तिची बोळवण करणे मला प्रशस्त वाटले नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: सपाट कालव्याच्या काठाने दहा तासांत ६५ किलोमीटर जाणे ही सहल झाली, तिला सायकल टूरिंग म्हणू नये, बायकोला सोबत घेतल्यामुळे वेग पडला हे लेखकाने मोकळेपणाने मान्य करायला हवे होते, कालव्याविषयीचे एक विधान चुकले आहे, आणि ज्या कालव्यावरची झाडे हजारोंनी तोडली जात आहेत त्याच्याच सावलीचे गोडवे गाणे हा भाबडेपणा आहे.

चुकीपासून सुरुवात करते, कारण तिथे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. मिदी कालवा अटलांटिक महासागराला भूमध्य समुद्राशी जोडतो, असे मी सरधोपटपणे लिहून गेले. पिएर-पॉल रिके याने १६६६ पासून खणायला घेतलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १६८१ मध्ये, पुरा झालेला हा २४० किलोमीटरचा कालवा तुलूजला सुरू होतो आणि भूमध्य किनाऱ्यालगतच्या एका खाऱ्या सरोवरात संपतो. तुलूजपासून अटलांटिककडे जायला त्या काळी गारोन नदीचाच आधार होता, आणि नदीला समांतर असा दुसरा कालवा पूर्ण व्हायला १८५६ साल उजाडले. मूळ लेखातले वाक्य दुरुस्त केले आहे.

'सपाट' या शब्दाबद्दल मात्र थोडे भांडते. कालव्याचा सर्वांत उंच भाग नोरूझ येथे सुमारे १८९ मीटरवर आहे, म्हणजे तुलूजपासून पन्नासेक किलोमीटरांत साठ मीटरांहूनही कमी चढ. सिंहगडाचा घाट चढणाऱ्याला हा चढ जाणवणारसुद्धा नाही, हे मान्य. पण आम्ही गेलो त्या सप्टेंबरच्या दिवशी ओताँ वाहत होता. हा त्या मुलखाचा आग्नेयेकडून येणारा वारा आहे, आणि तुलूजहून कास्तेलनोदारीला जाणारा रस्ता नेमका आग्नेयेलाच जातो. तो तीन, सहा किंवा नऊ दिवस वाहतो आणि माणसाला वेड लावतो, असे तिथले लोक पूर्वापार म्हणत आले आहेत. वेडाचे मला ठाऊक नाही. पण मोंजिस्कारच्या पुढे झाडांची रांग जिथे जिथे तुटत होती, तिथे सपाट रस्त्यावर दोन गिअर खाली उतरूनही सायकल चिखलातून ओढल्यासारखी वाटत होती. घाटाला माथा असतो आणि माथ्यापलीकडे उतार असतो. वाऱ्याच्या बाबतीत तशी काही आशा नसते.

आता बायकोच्या आक्षेपाकडे वळते. तो लेख मी लिहिला आहे, आणि बायको मीच आहे. लेखात 'आम्ही रखडलो' इतकेच लिहून मी थांबले होते, कारण कोणामुळे रखडलो हे सांगणे मला बरे वाटले नव्हते. आपण विषय काढलाच आहे, तर नवऱ्याची परवानगी घेऊन सांगते. भाड्याने घेतलेल्या त्याच्या सायकलच्या सीटची दांडी मिलिमीटर-मिलिमीटरने आत सरकत होती. त्याला वाटत होते की दमल्यामुळे पाय जड झाले आहेत. गार्दूशच्या अलीकडे मी त्याच्या मागून चालले होते, तेव्हा त्याचे गुडघे तीनचाकी चालवणाऱ्या मुलासारखे दोन्ही बाजूंना फाकलेले मला दिसले आणि मी हाक मारून थांबवले. दांडी बाहेर काढून पाहिली, तर तिला ग्रीस इतके फासलेले होते की क्लॅम्प कितीही आवळला तरी ती धरणार नव्हती. जुन्या रुमालाने ते पुसले, ॲलन कीने क्लॅम्प घट्ट केला आणि ठरलेल्या उंचीवर चिकटपट्टीचा एक वेढा दिला, म्हणजे दांडी पुन्हा खाली गेली तर लगेच कळेल. या सगळ्यात पाऊण तास गेला. तोवर पुढच्या गावातली बेकरी दुपारसाठी बंद झाली होती. साडेबाराला खाली आलेले तिचे दार आम्ही सात मिनिटे उशिरा पाहिले, आणि जेवणाच्या जागी पॅनिअरमधला, म्हणजे सायकलला लावलेल्या पिशवीतला, चिवडा व दोन सफरचंदे आली. नवऱ्याचा गुडघा संध्याकाळपर्यंत धरलेला होता. तेव्हा वेग पडला हे खरे, पण त्याचे खापर आपण चुकीच्या सीटवर फोडले आहे.

मूळ मुद्दा टूरिंग कशाला म्हणावे, हा आहे. पुण्यात आपण दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी किंवा 'ब्रेव्हे', साडेतेरा तासांच्या आत पुरी करता, याबद्दल मला मनापासून आदर आहे. मला ते जमणार नाही. त्या ब्रेव्हेचे नियम १९०४ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या ऑदाक्स क्लबकडूनच आलेले आहेत, म्हणजे आपली परंपराही फ्रेंचच आहे. मात्र त्याच देशात दुसरीही एक परंपरा आहे. सँतेत्येन शहरातून 'वेलोसियो' या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॉल द विवी यांनी सायकल-पर्यटनाचे सात नियम घालून दिले, आणि त्यातला शेवटचा नियम असा की केवळ अहंकारापोटी कधीही पेडल मारू नये. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्यांचा पहिलाच नियम थांबे मोजके आणि छोटे ठेवा असा आहे, आणि आमचे चार तास थांबण्यात गेले, त्यामुळे वेलोसियोंनी आम्हालाही नापासच केले असते. पुढे १९३६ साली कायद्याने फ्रान्समधल्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि त्या उन्हाळ्यात कितीतरी तरुण जोडपी टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेर पडली. त्यांनी दिवसाला किती किलोमीटर कापले याचा हिशेब कोणी मागितला नव्हता. आम्ही दोघे स्वतःला त्या जोडप्यांच्या रांगेत धरतो.

थांबण्यातले चार तास कुठे गेले, असेही आपण उपरोधाने विचारले आहे. सीटचा पाऊण तास वजा केला, तर बराचसा वेळ जलद्वारांपाशी, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या हौदांपाशी, गेला. मिदी कालव्यावरच्या जलद्वारांचा हौद लंबवर्तुळाकार असतो. सुरुवातीला सरळ भिंतीचा हौद बांधला असता मातीच्या दाबाने भिंत ढासळली, म्हणून रिकेने भिंतींना बाहेरच्या बाजूला बाक दिला, आडव्या केलेल्या कमानीसारखा. एका ठिकाणी आम्ही काठावर बसून पाहिले: भाड्याची एक पांढरी बोट आत शिरली, मागची दारे मिटली, पुढच्या दारांच्या फटीतून पाणी फेसाळत आत आले, आणि आधी फक्त टोपी दिसत होती त्या म्हाताऱ्या नावाड्याचा चेहरा, खांदे, शेवटी चपला आमच्या पातळीला आल्या. शेजारच्या रखवालदाराच्या घरावर पुढचे आणि मागचे जलद्वार किती मीटरवर आहे हे सांगणारी पाटी होती. नवरा दर पाटीपाशी थांबून तो आकडा सायकलच्या मीटरशी ताडून पाहत होता. ही खोड त्याची आहे, माझी नाही.

झाडांबाबतचा आपला आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि लेखात त्याचा उल्लेख नव्हता ही माझी उणीवच आहे. कालव्याकाठी सुमारे बेचाळीस हजार प्लेन वृक्ष होते, आपल्याला माहीत असलेल्या काश्मिरी चिनाराचे सख्खे भाऊबंद. २००६ साली त्यांच्यावर एका बुरशीचा रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती युरोपात आली, असे मानले जाते. बुरशी झाडाच्या जलवाहिन्या बुजवते, काही वर्षांत झाड वाळते, आणि त्यावर औषध नाही. बोटी काठाला घासल्या की मुळांना जखमा होतात आणि रोग पाण्यावाटे पुढच्या झाडापर्यंत पोचतो. म्हणून रोगट झाडे आणि त्यांच्या लगतची झाडे तोडून जाळतात, आणि त्या जागी ओक व इतर जातींची मिश्र लागवड होते. तेव्हा ही तोड रस्तारुंदीसाठी चाललेली नाही, इतका फरक आपण लक्षात घ्यावा. पण जो उघडा बोडका पट्टा डोळ्यांनी पाहिला तो मी लेखात गाळला, कारण सुंदर दिवसाच्या वर्णनात तो बसत नव्हता. यासाठी आपण मला भाबडी म्हणालात ते सौम्यच झाले.

शेवटी आपण टायर आणि फोनवर नोंदलेल्या मार्गाच्या जीपीएस फाइलबद्दल विचारले आहे. तुलूजपासून पोर्त-लोरागेपर्यंत डांबरी वाट आहे, तिथे कोणताही टायर चालेल. पुढे आम्हाला कच्ची वाट लागली आणि ले सेगालाच्या आसपास झाडांची मुळे वाटेवर आलेली होती. आमचे टायर ३७ मिलिमीटरचे होते आणि त्याहून बारीक मी नेणार नाही. फाइल मात्र देता येणार नाही. नोरूझला रिकेच्या स्मारकस्तंभाचे फोटो काढताना फोनची बॅटरी संपली, आणि पुढचे तेरा-चौदा किलोमीटर आम्ही पाणी सोडायचे नाही एवढ्या एकाच नियमावर कास्तेलनोदारीच्या मोठ्या तलावापर्यंत पोचलो.

आपली,
लेखिका