ऐकू येतंय का?

पोटाचे आजार शिकताना निदान दाबून बघता येतं. त्वचेचे आजार तर स्वतःहून समोर येऊन उभे राहतात. फुप्फुसांचं तसं नाही. ती बरगड्यांच्या पिंजऱ्यात जन्मठेप भोगत असतात. त्यामुळे बाहेरून ठोकायचं, कान लावायचा आणि आत काय चाललंय याचा अंदाज बांधायचा, एवढंच आपल्या हाती. आमच्या घराण्यात तानसेन कुणी नव्हता हे माहीत होतं. कानसेनही नव्हता, हे छातीच्या वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर कळलं.

सुरुवात ठोकण्यापासून. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या मधे घट्ट टेकवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर टोला द्यायचा, तोही फक्त मनगटातून. कोपर हललं की मॅडम ओरडतात आणि नख वाढलेलं असलं की आपण. हवा भरलेलं फुप्फुस घुमतं, न्यूमोनियाने घट्ट झालेलं बद्द वाजतं आणि फुप्फुसाभोवती पाणी साठलं असेल तर दगडावर ठोकल्यासारखं वाटतं. फरक कानापेक्षा बोटाला आधी कळतो, असं मॅडम म्हणतात. माझ्या बोटाला फक्त दुखलेलं कळायचं. सरावासाठी मी हॉस्टेलमधलं दिसेल ते ठोकायला लागलो. टेबल, कपाट, पाण्याची टाकी. रात्री भिंत ठोकली की पलीकडून आवाज यायचा, "अरे ये ना, दार उघडंच आहे."

ही विद्या लिओपोल्ड ऑएनब्रुगर या डॉक्टरची. त्याच्या वडिलांचा धर्मशाळेवजा गुत्ता होता आणि दारूची पिंपं ठोकून आत माल कुठवर आहे ते बघायची तिथे पद्धत होती, असं सांगतात. पोराने तेच माणसांवर करून १७६१ साली पुस्तक काढलं. कुणी फारसं ढुंकूनही पाहिलं नाही. १८०८ साली नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिझार यांनी ते फ्रेंचमध्ये आणलं, तेव्हा कुठे जगाला जाग आली, आणि पुढच्याच वर्षी ऑएनब्रुगर वारले. पेपर तपासून यायला ४७ वर्षं! आमच्या परीक्षा विभागाविषयी मी तेव्हापासून तक्रार करत नाही.

मग ऐकणं. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक यांना एका स्थूल तरुणीची छाती तपासायची होती. थेट कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. एका माणसाच्या संकोचामुळे पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या गळ्यात नळी पडली. लेनेक स्वतः १८२६ साली क्षयाने गेले, हे वाचलं की मात्र चेष्टा थांबते.

पुस्तकं आवाज शब्दांत शिकवतात, हा खरा छळ. बारीक क्रेप्स, म्हणजे आजारी फुप्फुसातली चरचर, कसे? तर कानाजवळ केसांची बट बोटांत चोळल्यासारखे. छान. पण रुग्णाच्या छातीवर केस असले आणि स्टेथोस्कोप त्यांवर घासला तरी अगदी हाच आवाज येतो! म्हणजे आजारही केस आणि खोटा आजारही केस. त्यात सर शेजारी उभे राहून विचारणार, "ऐकू येतंय का?" या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात एकच उत्तर आहे: "हो सर." सगळी बॅच रांगेने कान लावते, गंभीरपणे मान डोलावते आणि केस पेपरवर एईबीई लिहून मोकळी होते. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते. खासगीत अर्थ असा, की दोन्ही बाजूंना सारखंच काही कळलं नाही.

काहीच ऐकू आलं नाही म्हणून हायसं वाटून घ्यायचीही सोय नाही. दम्याच्या जोरदार झटक्यात शिट्ट्या वाजत असतात तोवर हवा आत-बाहेर तरी होत असते. रुग्ण धापा टाकतोय आणि छाती गप्प, म्हणजे धावपळ करायची वेळ. हे एक वाक्य मात्र मी झोपेतही विसरणार नाही.

बाकी पुस्तकं लिहिणारे बहुतेक जेवणाच्या सुट्टीआधी लिहायला बसत असावेत. एका न्यूमोनियात कफ लालभडक जेलीसारखा, यकृतातला अमीबाचा गळू फुप्फुसात फुटला तर पू मासळीच्या सॉससारखा, एक्स-रेमध्ये सिलिकोसिसच्या, म्हणजे दगडाच्या धुळीच्या आजारातल्या, गाठींना अंड्याच्या टरफलाची कड आणि फायब्रोसिसला, म्हणजे फुप्फुस व्रणासारखं चिवट होतं त्याला, मधाचं पोळं. मी जेली सोडली.

श्वास मोजायचा तर रुग्णाला सांगून मोजत नाहीत. सांगितलं की तो चुकतोच. म्हणून नाडीवर बोट तसंच ठेवायचं, घड्याळाकडे बघायचं आणि चोरून छाती पाहायची. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास. हे शिकल्यापासून माझा स्वतःचा श्वास मला विचारल्याशिवाय चालेनासा झाला. त्यात नखांची भर. दोन्ही हातांच्या त्याच बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरली की मधे चौकटच्या पानासारखी फट दिसायला हवी. ती बुजली तर क्लबिंग, म्हणजे बोटांची टोकं फुगलेली, आणि त्यामागे फुप्फुसाचा कॅन्सरही असू शकतो. त्या दिवशी मेसमध्ये अख्खी बॅच ताटं निवत ठेवून ट्यूबलाइटकडे हात जोडून बसली होती. वाढणाऱ्या मावशींना वाटलं, परीक्षा जवळ आली.

ती आलीच. मला केस मिळाली एका आजोबांची. ते परीक्षांना इतके सरावलेले, की मी नाव विचारायच्या आत त्यांनी शर्ट काढला.

"डॉक्टर, पुढून वेळ घालवू नका. पाठीमागून, दोन्हीकडे अगदी तळाला. आवाज श्वास आत घेऊन संपता संपता येतो."

मी कान लावला.

"आता मी खोकतो, परत ऐका. बदलला नाही ना? मग तो कफाचा नव्हे. नखं बघितली का? त्याला मार्क असतात."

मी नखं बघितली. फट बुजलेली होती. आजोबांनी माझ्याकडे समाधानाने पाहिलं.

"वेल्क्रो उघडताना होतो ना, तसा आवाज," ते हळूच म्हणाले. "फायब्रोसिस. सर येताहेत, लक्ष द्या."

मी जीव कानात गोळा केला. आणि खरंच, चर्रर्र! लख्ख, पुस्तकात लिहिलेला, शंकेला जागाच नाही असा. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कुणास ठाऊक, पण आजोबांनी मान हलवली.

"तो नव्हे. तो शेजारच्या खाटेवर सिस्टरनी बीपीचा पट्टा काढला. माझा पुढच्या श्वासाला येईल. घेऊ का?"